डॉ. हॉवर्ड रिकेट्स : गोचिडाचा माग काढणारे वैद्य

गोचीड ओळखत नाही असा माणूस आमच्या वाचकांत क्वचितच असेल. गाईच्या कानामागे, बैलाच्या मानेखालच्या कातडीच्या घडीत, कुत्र्याच्या पंजाच्या बेचक्यात रक्त पिऊन टच्च फुगलेला हा जीव आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. आमचे कितीतरी विद्यार्थी सुटीत गावी गेले की सकाळचा वेळ गुरांच्या अंगावरचे गोचीड वेचण्यात घालवतात. गोचिडाने जनावर रोडावते, दूध आटते, एवढे घरोघरी ठाऊक असते. मात्र याच क्षुद्र जीवाच्या पोटातून एक प्राणघातक जंतू माणसाच्या रक्तात उतरू शकतो, हे शंभराहून अधिक वर्षांपूर्वी प्रयोगाने सिद्ध करणाऱ्या एका वैद्याची ओळख आम्ही येथे करून देत आहोत. त्या जंतूच्याच भावकीतल्या दुसऱ्या एका जंतूने वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी त्यांचा बळी घेतला. वैद्यकाच्या पुस्तकांत त्यांचे नाव पानोपानी येते. पण ते एका माणसाचे नाव आहे, हे ते उच्चारणाऱ्यांच्याही पुष्कळदा लक्षात येत नाही.

हॉवर्ड टेलर रिकेट्स यांचा जन्म ९ फेब्रुवारी १८७१ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात फिंडले या गावी झाला. नेब्रास्का विद्यापीठातून १८९४ साली ते पदवीधर झाले आणि वैद्यकाच्या शिक्षणासाठी शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात गेले. याच सुमारास अमेरिकेत मोठी आर्थिक मंदी आली होती. १८९३ च्या त्या मंदीत अनेक कुटुंबांबरोबर रिकेट्स यांचे घरही अडचणीत आले. घरून येणारी मदत आटल्यावर त्यांनी मिळेल ते काम करीत शिक्षण पुरे केले. आमच्या शाळेच्या वाचकांना यात नवल वाटणार नाही. फी भरण्याची विवंचना आणि पुस्तक यांची सांगड घालतच आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात पहिला शिकलेला माणूस तयार झाला.

१८९७ साली रिकेट्स डॉक्टर झाले. हे वर्ष आपल्याकडेही विसरण्यासारखे नाही. मुंबईत प्लेगने थैमान घातले होते आणि त्याच वर्षाच्या जानेवारीत वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाच्या परोपजीवीची एक अवस्था दिसली. पुढच्या वर्षी कराचीत पॉल-लुई सिमाँ यांनी प्लेग उंदरावरच्या पिसवांतून पसरतो, असे प्रयोगाअंती मांडले. पण त्यांचे म्हणणे कित्येक वर्षे कोणी फारसे मनावर घेतले नाही. अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ आणि फ्रेडरिक किलबोर्न यांनी गुरांचा एक ताप गोचीड पसरवतो, हे १८९३ सालीच प्रसिद्ध केले होते. कीटक आणि गोचीड यांच्याकडे रोगाचे वाहक म्हणून पाहण्याची दृष्टी तेव्हा नुकती उघडत होती. तिच्याविषयी शंका घेणारे पुष्कळ होते, आणि त्यांत मोठमोठे तज्ज्ञही होते.

शिकागोच्या कुक काउंटी रुग्णालयातील उमेदवारीनंतर रिकेट्स रश वैद्यकीय महाविद्यालयात त्वचारोगांच्या विकृतिशास्त्राकडे वळले. ब्लास्टोमायकोसिस नावाच्या बुरशीजन्य त्वचारोगावरील त्यांच्या कामाने जाणकारांचे लक्ष वेधले. १९०० साली मायरा टब्स यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यानंतर युरोपातील प्रयोगशाळांत काही काळ काढून ते परतले, आणि १९०२ मध्ये शिकागो विद्यापीठात लुडविग हेक्टोएन यांच्या हाताखाली रुजू झाले. संसर्ग, रोगप्रतिकार आणि रक्तद्रव-चिकित्सा या विषयांवरचा त्यांचा ग्रंथ १९०६ साली निघाला. शहरातली स्थिर नोकरी, घरसंसार, ग्रंथकर्ता म्हणून होऊ लागलेले नाव, असे सगळे सुरळीत चालले होते. त्याच वर्षाच्या वसंतात ते मोंटाना राज्यात गेले, आणि पुढची चार वर्षे, म्हणजे उरलेले सगळे आयुष्य, एकाच कामात गेले.

पश्चिम मोंटानात बिटररूट नावाचे एक लांबट खोरे आहे. दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहणारी नदी, तिच्या पश्चिमेला बिटररूट पर्वताचे उंच, बर्फाळ सुळके आणि पूर्वेला सॅफायर पर्वताच्या बुटक्या, कोरड्या टेकड्या. मूळच्या सॅलिश लोकांपैकी शेवटच्यांना १८९१ साली या खोऱ्यातून हलवले गेले होते, आणि त्यांच्या जागी लाकूडतोडे, मेंढपाळ आणि शेतकरी वस्तीला आले होते. सफरचंदांच्या बागांसाठी जमिनी विकण्याचा जोरात उद्योग सुरू होता. या देखण्या खोऱ्यात दरवर्षी बर्फ वितळू लागले की एक भयंकर ताप येई. थंडी वाजून ताप भरे, डोके फुटेल असे दुखे, आणि तीन-चार दिवसांत मनगटांवर व घोट्यांवर लाल ठिपके उठत. ते तळहात-तळपायांवर आणि मग सर्वांगावर पसरत, जांभळे-काळे पडत, रोगी भ्रमात जाई आणि बहुधा दुसऱ्या आठवड्यात दगावे. लोक याला काळा गोवर म्हणत; डॉक्टरांनी नाव दिले होते रॉकी पर्वतातील ठिपक्यांचा ताप. बिटररूटमध्ये ज्यांना तो होई त्यांतील दहापैकी सात-आठ जण मरत. शेजारच्या आयडाहो राज्यात मात्र तोच ताप येऊन बहुतेक माणसे बरी होत.

त्याहून चमत्कारिक गोष्ट अशी की, हा ताप जवळजवळ सगळा नदीच्या पश्चिम तीरावरच होई. पूर्वेकडच्या वाड्यांवरची माणसे त्याच नदीचे पाणी पीत, त्याच बाजारात येत, पण त्यांना सहसा काही होत नसे. पश्चिमेकडच्या डोंगरांतून येणारे बर्फाचे पाणी विषारी असावे, असे अनेकांना वाटे. कोणी लाकडाच्या भुशाला दोष देई.

रिकेट्स यांच्या आधी येथे संशोधक येऊन गेले नव्हते असे नाही. १९०२ साली मिनेसोटा विद्यापीठातील विल्सन आणि चाउनिंग हे दोघे आले. रोग्यांच्या तांबड्या रक्तपेशींत आपल्याला हिवतापासारखा एक परोपजीवी दिसला आणि तो बिळात राहणाऱ्या खारींकडून गोचिडामार्फत माणसात येतो, असे त्यांनी जाहीर केले. त्यांच्या मागोमाग केंद्र सरकारच्या आरोग्यसेवेतील चार्ल्स वॉर्डेल स्टाइल्स हे नामांकित प्राणिशास्त्रज्ञ आले. त्यांनी त्याच रोगाच्या काचपट्ट्या बारकाईने तपासल्या. तो परोपजीवी त्यांना कोठेही दिसला नाही. तेव्हा त्यांनी परोपजीवीही नाकारला आणि गोचीडही नाकारला. पहिल्या दोघांना जे दिसले ते मुळात नव्हतेच, हे स्टाइल्स यांचे म्हणणे बरोबर होते. पण खोट्याबरोबर खरेही फेकले गेले. खोऱ्यातील जमीनविक्रेत्यांना आणि अनेक शेतकऱ्यांना यामुळे हायसे वाटले असणार. गोचिडांमुळे माणसे मरतात, अशी बातमी पसरली असती तर बागांच्या जमिनी घ्यायला कोण येणार होते?

या पार्श्वभूमीवर रिकेट्स मिझूला गावी पोहोचले. तेथील नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेच्या रुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकून त्यांनी प्रयोगशाळा थाटली. पिंजरे, सूक्ष्मदर्शक, थोडी रसायने आणि गिनीपिग हे सारे सामान. परोपजीवी दिसतो की नाही या वादात ते आधी पडलेच नाहीत. त्यांनी वेगळा प्रश्न घेतला: रोग्याच्या रक्तातून हा ताप दुसऱ्या प्राण्याला देता येतो का? रोग्याचे रक्त गिनीपिगला टोचल्यावर त्याला ताप आला, आणि एका प्राण्याकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे असा तो पुढे नेता आला. डोळ्यांना न दिसणारी गोष्ट आहे की नाही हे सांगणारे एक साधन त्यांना मिळाले. रक्तात जंतू आहे का? टोचून पाहा. गोचिडात आहे का? चावू देऊन पाहा.

मग त्यांनी एक मादी गोचीड आजारी गिनीपिगच्या कानाच्या मुळाशी लावली. तिने पुरेसे रक्त प्याल्यावर तिला काढून काही काळ निराळी ठेवली आणि मग एका निरोगी गिनीपिगच्या कानाशी लावली. काही दिवसांत त्या निरोगी प्राण्याला तोच ताप आला. आजारी प्राण्याशेजारी नुसते राहून ताप येत नाही, हेही त्यांनी तपासून घेतले. त्याच वर्षी सरकारी आरोग्यसेवेतील वॉल्टर किंग यांनीही स्वतंत्रपणे हाच निष्कर्ष काढला, हे येथे सांगणे न्यायाचे होईल. पण रिकेट्स तेथे थांबले नाहीत, हा मोठा फरक होता.

प्रयोगशाळेत गोचिडाला मुद्दाम रोग लावून तो पसरतो हे दाखवणे वेगळे, आणि रानातला गोचीड मुळात तो जंतू घेऊन फिरतो हे दाखवणे वेगळे. विरोधक नेमके हेच विचारणार, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून खोऱ्यातून जिवंत गोचीड गोळा करून ते गिनीपिगांवर सोडले गेले. बहुसंख्य गोचीड निर्दोष निघाले. पण त्या ढिगात काही असे सापडले की ज्यांच्या चाव्याने गिनीपिगला ताप आला. पुढची पायरी याहून आश्चर्यकारक होती. जंतू असलेल्या मादीने घातलेल्या अंड्यांतून निघालेली पिल्लेही, ज्यांनी कधी आजारी प्राण्याचे रक्त चाखले नव्हते, ताप देऊ शकत होती. रोग आईकडून अंड्यात उतरत होता. एक मादी हजारो अंडी घालून मरते; म्हणजे माणूस किंवा खार आजारी नसली तरी गोचिडांच्या पिढ्यांतच हा जंतू जगू शकतो. बिळांतल्या खारी आणि इतर लहान प्राण्यांनाही तो होतो, हेही त्यांनी दाखवले. गोचिडाच्या आयुष्यातल्या अळी, पिल्लू आणि प्रौढ या अवस्थांशी रोगाचे चक्र कसे जुळते, हे त्यांनी एकेक पायरी चढून मांडले. केवळ प्रौढ गोचीडच माणसाला सहसा चावतो आणि तो वसंतात बाहेर पडतो. तापाचा हंगाम वसंतात का, याचे उत्तर त्यात होते.

या साऱ्यात शेकडो गिनीपिगांचा जीव गेला. प्राणिमात्रावर दया करण्याचे संस्कार ज्या शाळेत रोज दिले जातात, तिच्या स्मरणिकेत हे झाकून ठेवणे आम्हांला बरे वाटत नाही. त्या काळी दुसरा मार्ग नव्हता. आज अनेक ठिकाणी तो आहे, आणि तो असेल तेथे वापरला जावा, एवढेच आम्ही म्हणतो.

सूक्ष्मदर्शकाखाली शोध चालूच होता. रोग्यांच्या आणि आजारी गिनीपिगांच्या रक्तात विशिष्ट रंगद्रव्य वापरल्यावर रिकेट्स यांना अतिसूक्ष्म कण दिसत. दोन्ही टोके गडद, मधला भाग फिकट. रोगी गोचिडांच्या शरीरात आणि विशेषतः त्यांच्या अंड्यांत तेच कण अक्षरशः खच्चून भरलेले असत. दुसरे कोणी असते तर त्याच दिवशी जंतू सापडल्याची घोषणा करून नावही देऊन टाकले असते. विल्सन आणि चाउनिंग यांनी तेच केले होते. रिकेट्स यांना दोन अडचणी दिसत होत्या. एक म्हणजे हे कण कोणत्याही पोषकद्रव्यात वाढत नव्हते. रॉबर्ट कॉख यांच्या काळापासून असा नियम होता की, जंतू रोग्यातून काढावा, शुद्ध स्वरूपात वाढवावा, आणि त्याने पुन्हा रोग होतो हे दाखवावे. मधली पायरीच जमत नव्हती. दुसरी अडचण अधिक बोचरी होती: ज्या गोचिडांच्या चाव्याने काहीच होत नसे, अशांच्या अंड्यांतही काही वेळा तसेच दिसणारे कण आढळत.

मग त्यांनी आणखी एक कसोटी लावली. ताप येऊन बऱ्या झालेल्या प्राण्यांचे रक्तद्रव रोगी अंड्यांतील कणांत मिसळले, तर ते कण एकत्र येऊन त्यांच्या गुठळ्या होत. निरोगी प्राण्याच्या रक्तद्रवाने असे होत नसे. शरीराने ज्या शत्रूशी झुंज दिली त्याची ओळख रक्तात शिल्लक राहते, या तत्त्वाचा हा वापर होता. १९०९ च्या जानेवारीत त्यांनी हे सारे अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्या लेखाच्या शीर्षकातही त्यांनी एवढेच म्हटले की, या सूक्ष्मजीवाचा रोगाशी विशिष्ट संबंध असावा असे दिसते. हाच रोगाचे कारण आहे, असे ते म्हणाले नाहीत. नावही त्यांनी दिले नाही.

हा संयम आम्हांला त्यांच्या शोधाइतकाच मोलाचा वाटतो, आणि त्यामागचे कारण कळायला सत्तर वर्षे जावी लागली. त्याच खोऱ्यातील हॅमिल्टन गावच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या विली बर्गडॉर्फर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली नदीच्या दोन तीरांचे कोडे उलगडण्याचा प्रयत्न केला. पूर्व तीरावरच्या गोचिडांत रोग न करणारा एक निरुपद्रवी जंतू मोठ्या प्रमाणावर सापडला. दिसायला तो रोगकारक जंतूचा सख्खा भाऊ. हा जंतू मादीच्या अंडाशयात ठाण मांडून बसला की घातक जंतूला पुढच्या पिढीत शिरायला जागा मिळत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. पूर्वेकडची माणसे वाचत आली ती बहुधा यामुळे. एकाच गोचिडाच्या अंड्यात घातक आणि गरीब असे दोन्ही जंतू सूक्ष्मदर्शकाखाली सारखेच दिसू शकतात. रिकेट्स यांना हे कळण्याचे काही साधन नव्हते. त्यांना फक्त एवढे कळले होते की, दिसले म्हणजे सिद्ध झाले असे नव्हे.

खोऱ्यात मात्र त्यांच्या सबुरीचे कौतुक करायला कोणाला सवड नव्हती. त्यांनी सुचवलेले उपाय खर्चाचे आणि कटकटीचे होते: गुरे औषधी पाण्याच्या हौदातून काढावीत, बिळांतल्या खारी कमी कराव्यात. पुढे सरकारने असे हौद बांधले तेव्हा रागावलेल्या लोकांनी १९१३ साली त्यांतला एक सुरुंग लावून उडवून दिला. रिकेट्स यांनी घोड्याच्या रक्तापासून रक्तद्रवही तयार करून पाहिले, पण रोग्यांना त्याचा म्हणावा तसा उपयोग झाला नाही. पैशाची ओढाताण तर कायमची होती. मोंटानाच्या विधिमंडळाने संशोधनासाठी रक्कम मंजूर केली, पण ती हाती येईना.

तेव्हा १९०९ च्या अखेरीस, रसेल वाइल्डर या तरुण सहकाऱ्याला घेऊन, ते मेक्सिको शहरी गेले. तेथे गरीब वस्त्यांत टायफस नावाचा ताप पसरला होता. स्थानिक लोक त्याला ताबार्दियो म्हणत. वाचकांनी टायफस आणि टायफॉइड यांची गल्लत करू नये. टायफॉइड दूषित अन्नपाण्यातून होतो, टायफस अंगावरच्या उवांतून. ठिपके, भ्रम, तीव्र ताप ही टायफसची लक्षणे मोंटानाच्या तापाशी इतकी जुळत होती की, दोन्ही रोग एकाच घराण्यातले असावेत असे रिकेट्स यांना वाटत होते. ट्युनिसमध्ये शार्ल निकोल यांनी नुकतेच उवांचे कार्य दाखवले होते. मेक्सिकोत रिकेट्स व वाइल्डर यांनीही माकडांवरील प्रयोगांतून तेच दाखवले, आणि रोग्यांच्या रक्तात व रोग्यांवरच्या उवांत त्यांना पुन्हा तसेच सूक्ष्म दंडगोल दिसले. १९१० च्या एप्रिलमध्ये हे प्रसिद्ध झाले. पुन्हा तीच सावध भाषा, पुन्हा नाव नाही.

रोगजंतूंनी भरलेल्या उवा आणि रोग्यांचे रक्त रोज हाताळणाऱ्या माणसाला तेव्हा ना लस होती ना औषध. त्याच महिन्यात रिकेट्स यांना टायफस झाला. पेनसिल्व्हानिया विद्यापीठाने त्यांना विकृतिशास्त्राचे प्राध्यापकपद देऊ केले होते. ते त्या वर्षी रुजू होणार होते. ३ मे १९१० रोजी मेक्सिको शहरी त्यांचे निधन झाले. पत्नी आणि दोन लहान मुले मागे राहिली. मेक्सिकोचे अध्यक्ष पोर्फिरिओ दियास यांनी तीन दिवसांचा दुखवटा जाहीर केला, आणि ज्या प्रयोगशाळेत ते काम करीत तिला त्यांचे नाव देण्यात आले. मुलगा हेन्री पुढे शिकागो विद्यापीठातच डॉक्टर झाला आणि मधुमेहाचा जाणकार म्हणून नावाजला गेला. योगायोग असा की, सहकारी वाइल्डर हेही पुढे मधुमेहाचेच मोठे तज्ज्ञ झाले.

नाव देण्याचे काम दुसऱ्यांनी केले. पहिल्या महायुद्धात टायफसने छावण्यांत अगणित माणसे मारली. जर्मनीतील कोटबुस येथील युद्धकैद्यांच्या छावणीत या रोगाचा अभ्यास करताना स्तानिस्लाउस फॉन प्रोवाझेक यांना १९१५ साली तोच रोग होऊन मृत्यू आला. त्यांचे ब्राझिलियन सहकारी हेन्रिक द रोशा लिमा हेही आजारी पडले, पण वाचले. १९१६ साली रोशा लिमा यांनी टायफसच्या जंतूला दोन्ही मृत संशोधकांची नावे दिली: रिकेट्सिया प्रोवाझेकी. मोंटानाच्या तापाच्या जंतूचे नावही पुढे रिकेट्सिया रिकेट्सी असे पडले. हा जंतू रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशींत शिरून वाढतो, हे बर्ट वोलबाख यांनी दाखवले. अंगावरचे ठिपके म्हणजे ठिकठिकाणी फुटलेल्या त्या बारीक वाहिन्या. जिवंत पेशीच्या बाहेर त्याला वाढताच येत नाही. तंबूतल्या प्रयोगशाळेत तो का वाढत नव्हता, याचे हे उत्तर. कोंबडीच्या अंड्यातील वाढत्या गर्भाच्या पिवळ्या बलकाच्या पिशवीत त्याला भरपूर वाढवता येते, हे हेराल्ड कॉक्स यांनी १९३८ साली हॅमिल्टनच्या प्रयोगशाळेतच दाखवले.

मधल्या काळात मोंटानात आणखी माणसे गेली. सरकारी सेवेतील डॉ. थॉमस मॅक्लिंटिक १९१२ साली याच तापाने मरण पावले, आणि त्यांच्यानंतर प्रयोगशाळेतील इतर काही कामगार व संशोधकही. रोगी गोचीड वाटून त्यांच्यापासून लस करण्याचे काम रॉस्को स्पेन्सर आणि राल्फ पार्कर यांनी केले. १९२४ साली स्पेन्सर यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. १९२८ साली हॅमिल्टनला प्रयोगशाळेची पक्की इमारत उभी राहिली तेव्हा गोचीड गावात निसटतील या भीतीने गावकऱ्यांनी विरोध केला, आणि त्यांच्या समाधानासाठी इमारतीभोवती पाण्याचा चर ठेवावा लागला. १९४० च्या दशकाच्या अखेरीस क्लोरॅम्फेनिकॉल आणि टेट्रासायक्लीन वर्गातील औषधे आली, आणि दहात सात-आठ जणांना मारणारा ताप वेळीच ओळखला तर गोळ्यांनी बरा होऊ लागला.

वेळीच ओळखला तर, यातच सगळी मेख आहे, आणि ती आपल्याकडेही आहे. गोचिडातून होणारा भारतीय टिक टायफस महाराष्ट्रातही आढळतो. त्याचा जंतू रिकेट्सियाच आहे. विदर्भात २०१८ साली ज्याची बरीच चर्चा झाली तो स्क्रब टायफस गोचिडातून नव्हे, तर गवत-झुडपांतल्या अगदी बारीक किड्याच्या अळीतून होतो. पण त्याचा जंतूही याच घराण्यातला. सिंधुदुर्गात दोडामार्ग परिसरात २०१६ पासून दिसलेला माकडताप गोचीडच पसरवतो, मात्र तो विषाणूचा आजार असल्याने जिवाणूंवरची ही औषधे त्यावर चालत नाहीत.

आजच्या डॉक्टरांसमोरचे कोडे रिकेट्स यांच्यापेक्षा फार वेगळे नाही. रोग्याच्या रक्तातील प्रतिपिंडे तपासून निदान करायचे तर ती बहुधा दुसऱ्या आठवड्यात उमटतात, आणि तोवर थांबणे धोक्याचे असते. लहान रुग्णालयांत अजूनही वापरली जाणारी वाइल-फेलिक्स चाचणी १९१६ सालची आहे; गुठळ्या होतात का हे पाहणारी. ती स्वस्त आहे, पण तिच्यावर पूर्ण भिस्त ठेवता येत नाही. पुरळाच्या किंवा खपलीच्या जागचा बारीक तुकडा घेऊन जंतूची जनुके शोधण्याची पीसीआर चाचणी मोठ्या प्रयोगशाळांत होते, आणि तीच चाचणी रानातून गोळा केलेल्या गोचिडांवरही करतात. तेथे पुन्हा तोच प्रश्न उभा राहतो: गोचिडात जंतूची जनुके सापडली म्हणजे तो गोचीड माणसाला आजारी करतोच असे नाही, पूर्व तीरावरच्या त्या निरुपद्रवी जंतूची जनुकेही अशीच सापडतील. म्हणून जाणते डॉक्टर चाचणीच्या निकालाची वाट न पाहता, ताप आणि ठिपके पाहून, तळहात-तळपाय तपासून, घरी गुरे-कुत्री आहेत का, रानात जाणे झाले का हे विचारून, संशयावरच डॉक्सिसायक्लीन सुरू करतात.

पालकांसाठी एवढे लिहून ठेवतो. अंगाला गोचीड चिकटलेला आढळला तर रॉकेल, चुना किंवा पेटती काडी लावू नये. तो बोटांनी चिरडूही नये. बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सावकाश सरळ वर ओढावा, जागा साबणाने धुवावी, आणि ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी. पुढच्या दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता ती तारीख त्यांना आपणहून सांगावी.